भुरी: उपचार आणि पुनर्वसनाच्या नोंदी

४ जून

गोदामामागच्या भिंतीलगत पडून असणाऱ्या कुत्रीला तिथून हलवायचंच, असं आज ठरलं. ताई सोबत आहे. गाडी तिची, आणि मी कामावर असेन तेव्हाची देखभालही तीच बघणार.

आज फक्त लांबून पाहणी केली. मादी, मध्यम बांधा, पूर्ण वाढ झालेली. पोट पाठीला लागलेलं, बरगड्या आणि कमरेची हाडं वर आलेली. पाठीवरचे, कोपरांवरचे आणि कानांच्या कडांवरचे केस गेलेत. तिथली कातडी जाड, राखाडी, खपल्यांनी भरलेली. लूत लागली आहे हे उघड आहे. सगळ्यांत वाईट अवस्था मानेची. गळ्यात नायलॉनची दोरी आहे, पण दिसतं ते फक्त गाठीचं टोक. बाकीच्या दोरीवर मांस चढलंय. कुणीतरी ही लहान असताना बांधली आणि पुन्हा कधी सैल केली नाही. पिल्लू वाढतं, दोरी वाढत नाही. वास येतोय, माशा घोंघावतायत, म्हणजे आत अळ्या आहेत असंच धरून चालायचं.

थोडक्यात, ही जन्मापासून बेवारस नव्हती. हिला कुणीतरी घरी आणलं होतं. हे कळल्यावर मला राग आवरेना, पण तो इथे लिहून ठेवून पुढे जाते.

कामाचे टप्पे: जीव वाचवणं, जखम आणि त्वचा बरी करणं, लसी, नसबंदी, आणि शेवटी तिला जपणारं घर शोधणं.

जवळ जाण्याची पद्धत अशी ठरवली. समोरून जायचं नाही, तिच्याकडे पाठ किंवा खांदा करून खाली बसायचं, डोळ्यांत बघायचं नाही. खाणं हातातून द्यायचं नाही आणि आपल्याजवळही टाकायचं नाही, तिच्या पलीकडे टाकायचं. खायला मिळण्यासाठी तिला माझ्याकडे यावं लागू नये, उलट माझ्यापासून लांब जाता यावं. भुकेला जीव खाण्यापायी जवळ येतो खरा, पण खाऊन झालं की आपण कुठे येऊन पोचलो या भीतीने बिथरतो, आणि चावतो तो तेव्हा.

माझी आणि ताईची रेबीजची प्रतिबंधक लस आधीच झालेली आहे. या कामात हात घालणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीप्रमाणे ० आणि ७ व्या दिवशी असे दोन डोस असतात. ते घेतलेले असले तरी चावा बसला तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि पुढचे डोस घ्यायचेच.

६ जून

आणली. पळाली नाही, पळायची ताकदच नव्हती. जाड चादर अंगावर टाकून, तोंड झाकून उचलली. दोरीमुळे मानेला हात लावता येत नव्हता, म्हणून एक हात छातीखाली आणि एक मांड्यांमागे. भरलेलं पोतं उचलावं तशी ती उचलली गेली: ना धडपड, ना आवाज.

दवाखान्यातली तपासणी:

वजन ९.४ किलो. तिच्या हाडापेराला १५ च्या आसपास हवं. शरीरस्थितीचा गुण ९ पैकी १ (१ म्हणजे नुसता सापळा, ४-५ म्हणजे योग्य). तापमान ३७.२ अंश सेल्सिअस. कुत्र्यांचं साधारण ३८.३ ते ३९.२ असतं, म्हणजे अंग थंड पडत चाललं होतं. हिरड्या फिकट. रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण २१ टक्के (किमान ३७ हवं). प्लेटलेट ६२ हजार, जिथे दोन लाखांच्या वर अपेक्षित असतात. गोचिडीमुळे होणाऱ्या अर्लिकियाची चाचणी पॉझिटिव्ह. दातांवरून वय अडीच ते तीन वर्षं. खांद्यांमध्ये मालकाची ओळख पटवणारी मायक्रोचिप शोधली, नाही.

लुतीसाठी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. त्याआधी डॉक्टरांनी तिच्या कानाची कड अंगठा आणि बोटात धरून नुसती चोळली, तशी मागचा पाय आपोआप खाजवायला लागला. डोळे मिटलेले, अंगात त्राण नाही, आणि पाय मात्र हवेत खाजवतोय. सार्कोप्टिस किड्यामुळे होणाऱ्या लुतीची ही मोठी खूण. किडे खरवडीत सापडतातच असं नाही, पण एक सापडला. हा प्रकार संसर्गजन्य असतो, दुसऱ्या कुत्र्यांना लागतो आणि माणसांनाही काही दिवस खाज सुटते. दुसरा प्रकार डेमोडेक्सचा. तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याला असा लागत नाही, आणि मोठ्या वयात उद्भवला तर प्रतिकारशक्ती ढासळल्याची शंका घ्यावी लागते. म्हणून ‘लुतीचं औषध’ परस्पर आणून लावण्यात अर्थ नाही. आयव्हरमेक्टिन तर मुळीच नाही: कॉली वंशाच्या बऱ्याच कुत्र्यांत एमडीआर-१ नावाच्या जनुकात बदल असतो, त्यांच्यात ते मेंदूत शिरतं आणि जिवावर बेततं. रस्त्यावरच्या कुत्र्याचे आई-बाप कोण हे कुणाला माहीत असतं? भुरीला आयसोझॅझोलिन गटातली गोळी दिली, ती गोचिड्याही मारते.

आधी अंग उबदार केलं, मग सलाईन, मग अगदी हलकी भूल देऊन मानेचं काम. भोवतालचे केस काढल्यावर खरं चित्र दिसलं. दोरीने मानेभोवती पूर्ण खाच पाडली होती, घशाच्या बाजूला बोटाचं पेर जाईल इतकी. डॉक्टरांनी दोरी दोन ठिकाणी कापली आणि पीळ उलटा फिरवत सोडवून घेतली. ओढली असती तर नवं मांस फाटलं असतं. अळ्या चिमट्याने एकेक काढल्या. अशा जखमेत टर्पेंटाइन किंवा पेट्रोल ओतणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने अळ्या मरतात, पण जिवंत मांसही भाजतं आणि जनावराला वेदना असह्य होतात. कृपा करून कुणीही ते करू नका. जखम शिवलेली नाही. पू असलेली जखम बंद केली तर घाण आत कोंडते, म्हणून उघडीच ठेवून रोज धुवायची.

डॉक्सिसायक्लिन (अर्लिकियावरचं प्रतिजैविक) आजपासून २८ दिवस.

नाव भुरी. ताईने कागदावर लिहून टाकलं.

७ जून

आहाराचा तक्ता. उपाशी जनावर दिसलं की ताट भरून पुढे ठेवावंसं वाटतं, आणि तेच घातक ठरू शकतं. दीर्घ उपासमारीत शरीर चरबी आणि स्नायू जाळत असतं. अचानक भरपूर अन्न आलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं, आणि हृदय, श्वासाचे स्नायू, तांबड्या पेशी सगळं धोक्यात येतं.

म्हणून हिशेब: विश्रांतीच्या अवस्थेतली उष्मांकांची गरज = ७० × (वजनाचा ०.७५ वा घात). ९.४ किलोला सुमारे ३७६ किलोकॅलरी. पहिल्या दिवशी त्याचा चौथा हिस्सा, ९४, तोही सहा वेळांत विभागून. खाण्याआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. फॉस्फेट आणि पोटॅशियम पुन्हा तपासत हळूहळू वाढवायचं.

वाटीचा तळ झाकला जाईल एवढंच खाणं. ती चाटून संपवते आणि वाटीकडे बघतही नाही. अजून मागत नाही. हे मला त्या दोरीपेक्षा जास्त लागलं.

१० जून

रक्त ठीक, फॉस्फेट स्थिर. आहार आता गरजेच्या तीन चतुर्थांशावर.

आज ड्रेसिंगला मदतीला आलेल्या मुलाने म्हटलं, “किती शांत आहे हो ही!” ती शांत नाही, हे सविस्तर लिहून ठेवते, कारण हे जवळपास प्रत्येकजण बोलतो.

शांत कुत्र्याचं अंग सैल असतं. भुरी जशी ठेवावी तशी राहते. पाय उचलून सोडला तर उचललेल्या जागीच राहतो. ड्रेसिंगच्या वेळी डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतं, ओठ मागे ओढलेले, श्वास वरवरचा, शेपूट पोटाला चिकटलेली. मानेच्या उघड्या जखमेवर सलाईनची धार पडतेय आणि ती हुं की चूं करत नाही. दुखत नाही म्हणून नव्हे. आपण काहीही केलं तरी जे व्हायचं ते होतंच, हे तिच्या अंगात मुरलंय म्हणून.

१९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर विजेच्या धक्क्यांचे प्रयोग केले. काही कुत्र्यांना डोक्याने फळी दाबून धक्का थांबवता येत होता, काहींना काही केल्या थांबवता येत नव्हता. नंतर दोघांनाही अशा खोक्यात ठेवलं जिथे बुटकी भिंत ओलांडली की सुटका होती. पहिल्या गटातली कुत्री भिंत ओलांडून गेली. दुसऱ्या गटातली बहुतेक जागेवर बसून धक्के सोसत राहिली. याला ‘शिकलेली असहायता’ म्हटलं गेलं. ते प्रयोग वाचताना माझ्या पोटात गोळा येतो, पण त्या कुत्र्यांनी जे भोगलं त्यातून कळलेलं वाया जाऊ नये असंही वाटतं. याच दोघांनी २०१६ मध्ये मेंदूविज्ञानाच्या आधारे आपला निष्कर्ष उलटा केला. दीर्घ त्रासात निपचित होणं हा मेंदूचा मूळचाच प्रतिसाद आहे, तो शिकावा लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे.

म्हणजे भुरीची भीती घालवत बसणं हे आपलं काम नाही. तिच्या करण्याने फरक पडतो याचा अनुभव तिला रोज द्यायचा, हे काम.

१३ जून

त्यावरून केलेली व्यवस्था.

खोलीत तिची गादी कोपऱ्यात, पण दार आणि गादी यांच्या मधे कुणीही बसायचं नाही. बाहेर पडायची वाट कायम मोकळी. गादीवर असताना तिला कुणी हात लावायचा नाही, लाड करायलाही नाही.

हात लावायचाच झाला तर तीन सेकंद. छातीच्या बाजूने हलकं खाजवायचं, थांबायचं, हात मागे घ्यायचा आणि बघायचं. जवळ सरकली, अंग टेकवलं, तर पुन्हा. तोंड फिरवलं, जांभई दिली, ओठ चाटले, अंग आखडलं, तर तिथेच संपलं.

खरी अडचण औषधांची. डॉक्सिसायक्लिन आणि ड्रेसिंग तिच्या मर्जीवर सोडता येत नाही. ताई म्हणाली, “अगं, एकीकडे तिला विचारायचं आणि दुसरीकडे धरून जखम धुवायची, तिला काय कळणार?” प्रश्न रास्त आहे. त्यावर तोडगा: सक्तीची सगळी कामं फक्त निळ्या चटईवर. चटई अंथरली की उपचार होणार, गुंडाळली की संपले. एरवी घरभर कुठेही तिच्यावर जबरदस्ती होणार नाही. वाईट गोष्ट टाळता येत नसेल तर निदान ती कधी होणार हे तरी आधी कळलं पाहिजे. मग उरलेला वेळ निर्धास्त जातो. पूर्वसूचना नसेल तर प्रत्येक क्षण धोक्याचा.

ताईच्या मनगटावर खाजरे पुरळ. लुतीचंच आहे, माणसाच्या अंगावर ते किडे टिकत नाहीत. चादरी गरम पाण्यात.

१७ जून

वजन १०.३. खपल्या सुटायला लागल्या. गोळीनंतर पाणी किंवा खाणं दिल्याशिवाय सोडायचं नाही, डॉक्सिसायक्लिन अन्ननलिकेत अडकलं तर तिथे व्रण करतं.

१९ जून

आज तिने नको म्हटलं.

संध्याकाळी गादीपासून हातभर अंतरावर ती फरशीवर होती. तीन सेकंद छाती खाजवली, हात मागे घेतला, पुन्हा पुढे केला. तिने मान भिंतीकडे वळवली. तेवढंच. मी हात काढून मांडीवर ठेवला. ती तशीच थांबली, मग मान परत आणून माझ्या हाताकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. हात मांडीवरच आहे हे बघून तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं आणि पुन्हा वळून पाहिलं. हे तिने बरेचदा केलं. ती तपासून बघत होती: मी तोंड फिरवलं म्हणून हात थांबला का?

हो भुरी, म्हणूनच थांबला.

२२ जून

ड्रेसिंगला गुरगुरली. निळ्या चटईवर, जखमेच्या घशाकडच्या भागाला कापूस लागला तेव्हा. बारीक आवाज, पण नीट ऐकू येणारा. मी थांबले, हात उचलला, तिने श्वास सोडला, मग दुसऱ्या बाजूने पूर्ण केलं.

ताई दचकली. इतके दिवस काही केलं नाही आणि आता चावायला लागली तर? पण मला हा आवाज हवाच होता. गुरगुरणं म्हणजे हल्ला नाही, हल्ला करायची वेळ येऊ नये म्हणून दिलेला इशारा आहे. त्यावर ओरडलं, थोबाडावर मारलं, तर कुत्रं गुरगुरायचं सोडून देतं, घाबरायचं सोडत नाही. मग एक दिवस ते आवाज न करता चावतं आणि लोक म्हणतात, काही कारण नसताना चावलं. तोंडाला मुसकी आहेच, जाळीची, धाप टाकता येईल आणि खाणं आत देता येईल अशी. त्यामुळे थांबून ऐकायला आम्हाला सवड आहे.

जखम गुलाबी, दाणेदार. वास गेला.

२७ जून

हनुवटीचा सराव सुरू. बुटक्या स्टुलावर घडी घातलेला टॉवेल. तिने हनुवटी टॉवेलवर टेकवली की खाऊ. टेकवून ठेवली तर आणखी. उचलली तर काही नाही, रागावणं नाही, आम्ही नुसते थांबतो. पुढे हनुवटी टेकलेली असेल तोवरच हात लावायचा, आणि उचलली की त्याच क्षणी हात काढायचा. म्हणजे उपचार सुरू करण्याचं आणि बंद करण्याचं बटण तिच्याकडे. मोठ्या प्राणिसंग्रहालयांत असे स्वेच्छेचे सराव देऊन वाघ-अस्वलांचं रक्तही भूल न देता काढतात, मग घरात का नको?

सध्या हनुवटी टेकते ती क्षणभरच. पण टेकते.

४ जुलै

डॉक्सिसायक्लिन संपलं. प्लेटलेट २ लाख १४ हजार, तांबड्या पेशी ३६ टक्के. वजन १२.१. पाठीवर लव आली आहे, तांबूस. कानांच्या कडा मऊ.

६ जुलै

रेबीजची लस दिली. रोगप्रतिबंधक एकत्रित लसीचा पहिला डोस मागच्या महिन्यात झाला आहे, दुसरा आठवड्याने. योगायोग असा की १८८५ साली ६ जुलैलाच लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस द्यायला सुरुवात झाली होती. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांमार्फत होतो. कुत्र्यांना लस देणं हे माणसांनाही वाचवणं आहे, एवढं जरी सगळ्यांना पटलं तरी रस्त्यावरच्या कितीतरी कुत्र्यांचं जगणं सुसह्य होईल.

११ जुलै

दुपारी ती कुशीवर झोपली होती. पाय लांब ताणलेले, पोट उघडं. आतापर्यंत वेटोळं करून, नाक शेपटीत खुपसून झोपायची. झोपेत पंजे हलत होते आणि ओठ थरथरत होता. मी दारातून आत गेले, तिने एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि मिटला.

संध्याकाळी आणखी एक गोष्ट. मी जमिनीवर बसून जखमेच्या मापाची नोंद करत होते. ती उठून आली, शेजारी बसली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. पापण्या सैल, कान मागे पडलेले पण दाबलेले नव्हेत, कपाळावर आठी नाही. अनोळखी कुत्र्याची रोखलेली नजर ही धमकी असते, म्हणूनच इतके दिवस मी तिच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. ही नजर ती नव्हती. मीही बघितलं.

२०१५ मध्ये जपानमधल्या मिहो नागासावा, ताकेफुमी किकुसुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेलं संशोधन आहे: ज्या जोड्यांत कुत्रं माणसाकडे जास्त वेळ बघत राहिलं, त्यांत दोघांच्याही लघवीतलं ऑक्सिटोसिन वाढलं. आई आणि तान्ह्या बाळाच्या जवळिकीत जे संप्रेरक काम करतं तेच. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये हे आढळलं नाही. कुत्र्याने माणसासोबतच्या हजारो वर्षांत जे कमावलं त्यातलं हे एक. आणि ज्या प्राण्याने आपल्याकडे असं बघायला शिकून घेतलं, त्याच्याच गळ्यात आपण दोरी बांधून विसरून जातो.

१९ जुलै

मान भरत आली. त्या खाचेवर केस येणार नाहीत. पट्टा आयुष्यभर वर्ज्य, छातीवरचा हार्नेस वापरायचा.

हार्नेसचं बक्कल ‘टक्’ वाजतं. त्या आवाजाला ती जमिनीला चिकटते. दोरी बघितली तर खोली सोडून जाते. म्हणून अंगावर घालायची घाई नाही. आधी तो नुसता खाण्याच्या वाटीशेजारी. मग माझ्या हातात. मग बक्कल टॉवेलमध्ये गुंडाळून वाजवायचं, आवाज झाला की खाऊ, आवाज नाही तर खाऊ नाही. मग टॉवेल काढून. हार्नेसच्या कडीतून डोकं तिने स्वतः घालायचं, आम्ही चढवायचा नाही.

२५ जुलै

डोकं घातलं. बक्कल लागलं. अंगणापर्यंत गेलो, ती बसली, आम्ही परत आलो. ती बसली की परत यायचं, असं ठरलंय. ताईला वाटत होतं अशाने ती कधीच पुढे जाणार नाही. उलट होतंय: परत येता येतं हे कळलं तशी ती रोज थोडी लांब जाते.

२ ऑगस्ट

वजन १४. आता वाटी संपली की वाटीकडे बघते, मग माझ्याकडे बघते, आणि भुंकते. एकदाच, खणखणीत. मागायला लागली.

एक नवीन काम समोर आलंय. मी घराबाहेर पडले की ती दारावर पंजे मारते, धापा टाकते, लाळ गळते. हंगेरीत मार्ता गाची आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये निवाऱ्यातल्या मोठ्या कुत्र्यांवर अभ्यास केला. माणसाने दहा दहा मिनिटांच्या फक्त तीन भेटी दिल्या, तरी ती कुत्री त्या माणसाशी ओढ दाखवायला लागली. एकटं राहिलेल्या जिवाला माया लागायला फार काही लागत नाही. म्हणूनच जाणं हेही शिकवावं लागतं. दार उघडून बंद करायचं, बाहेर जायचं नाही. किल्ल्या उचलून परत ठेवायच्या. मग क्षणभर बाहेर, ती घाबरायच्या आत परत. ती निवांत राहील तेवढीच मुदत वाढवायची. तोवर मी नसेन तेव्हा ताई घरी. रडू दे, सवय होईल, हा मार्ग भुरीसाठी नाही. ओरडून काही उपयोग होत नाही हे तिला आधीच एकदा शिकवलं गेलंय.

८ ऑगस्ट

तिला बघायला एक कुटुंब येणार होतं. चांगली माणसं आहेत, फोनवर नेमके प्रश्न विचारले. मी त्यांना नाही म्हटलं आणि दुसऱ्या एका शांत कुत्र्याबद्दल सांगितलं. टप्प्यांच्या यादीतलं ‘घर शोधणं’ मी पूर्ण झालं म्हणून नोंदवते. ती इथेच राहील. कारणं शोधली तर सापडतील, पण खरं एवढंच की माझा तिच्यावर जीव जडलाय.

२४ ऑगस्ट

एकटी राहण्याची मुदत तासाच्या वर गेली. मोबाइलच्या चित्रीकरणात दिसलं: दाराशी जाऊन हुंगते, परत येते, गादीवर हनुवटी टेकवून झोपते. फरशीवर लाळ नाही.

९ सप्टेंबर

नसबंदी झाली. वजन १४.९, शरीरस्थिती ९ पैकी ४, रक्त उत्तम. शक्ती येईपर्यंत थांबलो ते बरं झालं. गर्भाशयात पू होण्याचा धोका आता संपला.

दवाखान्यात निळी चटई आणि टॉवेल घेऊन गेलो होतो. आधी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्या स्वतः जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “तिचं तिला ठरवू द्या, मला घाई नाही.” भुरीने चटई हुंगली, सगळ्या खोलीवर नजर फिरवली आणि टॉवेलवर हनुवटी टेकवली. पुढच्या पायाचे केस कापताना मशीनच्या आवाजाला उचलली. यंत्र थांबलं. तिने पुन्हा टेकवली. भुलेचं इंजेक्शन तसंच दिलं, कुणीही धरलेलं नव्हतं. जूनमध्ये हीच कुत्री याच खोलीत निश्चल पडून होती, आणि आजही ती हलली नाही. पण आज ती हलू शकत होती.

१० सप्टेंबर

टाके बघायला चटई अंथरली. आली नाही. जवळ गेल्यावर गुरगुरली. पोट दुखतंय. वेदनाशामक डॉक्टरांनी दिलेलंच द्यायचं, माणसांचं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीही नाही, ती कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. चटई गुंडाळली. ती कुशीवर झाली तेव्हा लांबून बॅटरी मारून टाके पाहिले: कोरडे, सूज किरकोळ. तेवढं पुरेसं होतं.

१२ सप्टेंबर

चटई अंथरली नव्हती, दाराआड गुंडाळून उभी होती. भुरीने ती नाकाने ढकलून पाडली, अर्धवट उलगडलेल्या चटईवर उभी राहिली आणि भुंकली. खाऊसाठी असेल, असू दे. टॉवेल आणला, तिने हनुवटी टेकवली, मी टाके नीट पाहिले, बोटाने कडा चाचपल्या. मधेच एकदा उचलली, पुन्हा टेकवली.

२२ सप्टेंबर

टाके काढले. अंगभर तांबूस केस, मानेभोवती बोटभर रुंदीचा उघडा पट्टा. उन्हात तिथली कातडी भाजू नये म्हणून फिरणं सकाळी आणि संध्याकाळीच.

नखं वाढली आहेत. पंजाला हात लावलेला अजून आवडत नाही. उद्यापासून नेलकटर नुसता टॉवेलशेजारी ठेवायचा. ताईने काडेपेटीच्या कडेवर नख घासून आवाज कसा येतो ते करून पाहिलं. भुरीने कान टवकारले, उठून गेली नाही. एका वेळी एकच नख, आणि तेही तिने हनुवटी टेकवली तर.